वाढत्या फलनाच्या पायऱ्या कशा बांधायच्या

रिअल ॲनालिसिस नव्याने शिकणारी मुलं माझ्याकडे एक गणित हमखास घेऊन येतात. गणित एका ओळीचं आहे: बंद अंतरालावरचं कुठलंही मोनोटोनिक, म्हणजे नुसतं चढत किंवा नुसतं उतरत जाणारं, फलन घ्या, त्याच्या हव्या तेवढ्या जवळ राहणारं स्टेप फंक्शन, म्हणजे पायऱ्यांसारखं फलन, सापडतंच, हे सिद्ध करा. वहीत डोकावलं की जवळजवळ प्रत्येकाने तीच आकृती काढलेली असते. वर चढत जाणारा आलेख, खाली आडव्या अक्षाचे समान भाग आणि प्रत्येक भागावर उभा केलेला एक आयत. बारावीत क्षेत्रफळ असंच काढलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो. आणि तिथेच गणित अडतं.

हा लेख तिथे अडलेल्यांसाठी आहे. वही, पेन्सिल आणि आलेखाचे दोन कागद घेऊन बसा. वाचून संपेपर्यंत सिद्धता स्वतःच्या शब्दांत लिहिता आली पाहिजे, पाठ करून नव्हे.

आधी शब्द ठरवून घेऊ. वर्गात आपण सगळे मोनोटोनिक आणि स्टेप फंक्शन असंच बोलतो. इथे मी पहिल्याला 'एकदिशी फलन' म्हणते आणि दुसऱ्याला 'पायरी-फलन', कारण हे शब्द ऐकताच चित्र डोळ्यांपुढे येतं. फलनाला फ, चलाला क्ष, आणि अंतराल अ पासून ब पर्यंतचं, दोन्ही टोकं धरून.

पहिली पायरी: पायरी-फलन ओळखा

जुलै २०१९ मध्ये बेस्टने साध्या बसचं भाडं असं ठरवलं होतं: ५ किलोमीटरपर्यंत ५ रुपये, १० पर्यंत १०, १५ पर्यंत १५ आणि त्यापुढे २०. हे दर नंतर बदलले, मे २०२५ पासून तर किमान भाडंच १० रुपये झालं. पण शिकवायला २०१९ चा तक्ता इतका नेटका आहे की मी अजून तोच फळ्यावर काढते.

आडव्या अक्षावर किलोमीटर घ्या, उभ्यावर रुपये. पाचच्या उंचीवर एक आडवी रेघ, मग एकदम दहाच्या उंचीवर दुसरी, मग पंधराच्या. हेच पायरी-फलन. अंतरालाचे मोजके तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर फलनाची किंमत एकच ठेवायची. 'मोजके' हा शब्द महत्त्वाचा आहे. तुकडे चार असोत की चार लाख, पण संख्येने सांत हवेत. तुकड्यांची लांबी सारखी असण्याची अट नाही. एखादा तुकडा नुसता एक बिंदू असला तरी चालतो, ही सवलत पुढे कामाला येणार आहे. सांध्यावरचा बिंदू डावीकडे धरायचा की उजवीकडे, हे आपण ठरवायचं. बेस्टने बरोबर ५ किलोमीटरला ५ रुपयेच घेतले, म्हणजे तो डावीकडे धरला.

आता त्याच कागदावर 'किलोमीटरला एक रुपया' ही तिरकी रेघ काढा. पंधरा किलोमीटरपर्यंत भाड्याच्या पायऱ्या या रेघेच्या खाली कधीच जात नाहीत, आणि वर गेल्या तरी फरक ५ रुपयांपेक्षा कमीच राहतो. म्हणजे तिरक्या रेघेला पायऱ्यांनी गाठण्याचं एक उदाहरण तुमच्या कागदावर तयार आहे. चूक सगळीकडे ५ हून कमी. आपल्याला हेच काम कुठल्याही एकदिशी फलनासाठी आणि कितीही बारीक चुकीसाठी करायचं आहे.

दुसरी पायरी: एकदिशी म्हणजे नेमकं काय, आणि काय नाही

वाढतं फलन म्हणजे: क्ष उजवीकडे सरकला की फ(क्ष) वाढतो किंवा आहे तिथेच राहतो, खाली येत नाही. घटतं फलन याच्या उलट. घटत्याचं वेगळं काही करायची गरज नाही. −फ घ्या, ते वाढतं होतं. त्याच्या पायऱ्या बांधा आणि शेवटी चिन्ह बदला. म्हणून पुढे फक्त वाढत्याबद्दलच बोलू.

व्याख्येत काय नाही, हे जास्त नीट बघा. सातत्याचा उल्लेख नाही. फलन मध्येच उडी मारू शकतं, काही अंतर सपाट चालू शकतं, एवढंच काय, असंख्य ठिकाणी उड्या मारू शकतं. नवशिक्यांच्या मनातला वाढता आलेख मात्र नेहमी गुळगुळीत असतो, वरळी सी-फेसच्या कठड्यासारखा सलग. ते चित्र आधी मनातून काढायला हवं, म्हणून मी उडी असलेलं उदाहरण पहिल्याच दिवशी देते.

ठाण्याहून सकाळी सीएसएमटीची स्लो लोकल पकडा. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या ३४ किलोमीटरांवर धावली, तोच हा मार्ग. आता असं फलन घ्या: क्ष म्हणजे ठाण्यापासूनचं अंतर आणि फ(क्ष) म्हणजे गाडी त्या जागी पहिल्यांदा पोचली ती वेळ. एरवी आपण वेळ आडवी आणि अंतर उभं काढतो, इथे मुद्दाम उलट केलं आहे.

मुलुंडला गाडी अर्धा मिनिट थांबली. मुलुंडच्या थांब्यावर ती पोचली ८ वाजून ६ मिनिटांनी, पण तिथून वीतभर पुढच्या जागी पोचायला साडेसहा मिनिटं उलटून गेली. म्हणजे त्या बिंदूपाशी आलेख अर्ध्या मिनिटाची उडी मारतो. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, प्रत्येक स्टेशनावर एकेक उडी. शीव आणि माटुंग्याच्या मध्ये सिग्नल मिळाला नाही आणि गाडी तीन मिनिटं उभी राहिली, तर तिथे तीन मिनिटांची उडी. असा हा फलनाचा नमुना आहे: सदैव वाढता, तरी जागोजागी तुटलेला.

तिसरी पायरी: 'जवळ' या शब्दाचा अर्थ पक्का करा

दोन वेगळ्या गोष्टी इथे सर्रास मिसळल्या जातात.

एक: फ आणि पायरी-फलन स यांच्यामधलं क्षेत्रफळ लहान असावं. दोन: प्रत्येक क्ष वर फ(क्ष) आणि स(क्ष) यांच्यातला फरक एप्सिलॉनपेक्षा, म्हणजे आधी दिलेल्या कितीही लहान धन संख्येपेक्षा, कमी असावा, एकाही बिंदूला सूट नाही. आपल्या गणितात दुसरा अर्थ अपेक्षित आहे. पहिल्यात एखाद्या छोट्या तुकड्यावर मोठी चूक झाली तरी ती एकूण हिशेबात विरून जाते. दुसऱ्यात विरत नाही.

आडवा अक्ष कापण्याची युक्ती पहिल्या अर्थासाठी उत्तम आहे आणि ती फार जुनी आहे. न्यूटनने १६८७ मध्ये ती मांडली. अंतरालाचे न समान भाग करा. प्रत्येक भागावर आलेखाच्या आतला आयत आणि बाहेरचा आयत काढा. दोघांच्या उंचीतल्या फरकाचे छोटे आयत उरतात. हे सगळे छोटे आयत आडवे सरकवून एकाच भागावर आणा. फलन वाढतं असल्यामुळे एकाचा माथा जिथे संपतो तिथेच पुढच्याचा तळ सुरू होतो, म्हणून ते एकमेकांवर न चढता बरोबर एक मनोरा होतात. मनोऱ्याची उंची फ(ब) − फ(अ), रुंदी (ब − अ)/न. न वाढवला की मनोरा बारीक होत जातो आणि त्याचं क्षेत्रफळ शून्याकडे जातं. मला हा विश्लेषणातला सर्वांत देखणा युक्तिवाद वाटतो. ज्यांनी तो कधी स्वतः काढून पाहिला नाही त्यांनी आजच पहिला कागद त्यासाठी वापरावा. एकदिशी फलनाचं रीमान समाकलन, म्हणजे असं आयतांनी मोजलेलं क्षेत्रफळ, का अस्तित्वात असतं, ते त्या मनोऱ्यातच दिसतं.

पण दुसऱ्या अर्थासाठी ही युक्ती पुरत नाही. का, ते लोकलमध्ये बघू. समजा दर किलोमीटरासाठी एकच वेळ लिहायची असं ठरवलं. ज्या किलोमीटरात तो बंद सिग्नल आला, त्याच्या आधीच्या जागा आणि नंतरच्या जागा यांत तीन मिनिटांहून जास्त फरक आहे. एकच वेळ दोन्हींना लावली तर कुठे तरी किमान दीड मिनिटाची चूक होणारच. किलोमीटरऐवजी शंभर मीटर घ्या, एक मीटर घ्या. सिग्नल ज्या तुकड्याच्या पोटात आहे त्याची चूक दीड मिनिटाखाली येतच नाही.

कागदावर हेच नेमकेपणाने पटवायचं असेल तर ० ते १ या अंतरालावर असं फलन घ्या: क्ष हा √२/२ पेक्षा लहान असेल तर किंमत ०, नाहीतर १. समान भागांचे सांधे नेहमी परिमेय संख्यांवर पडतात आणि √२/२ अपरिमेय आहे. म्हणून न काहीही असो, एका भागात ० आणि १ या दोन्ही किमती येतातच, आणि चूक किमान १/२ राहते. गंमत बघा, हे फलन स्वतःच दोन पायऱ्यांचं आहे, तरी समान तुकड्यांना ते गाठता येत नाही.

काही हुशार मुलं म्हणतात, मग उडीच्या जागीच कापू. मोजक्या उड्या असतील तर जमेल. पण असंख्य उड्या असल्या तर आधी मोठ्या उड्या वेगळ्या काढा, लहान उड्यांचा वेगळा हिशेब लावा, अशी लांबलचक डागडुजी करावी लागते. करता येते, पण तिची गरज नाही.

चौथी पायरी: उभा अक्ष कापा

पुन्हा त्याच लोकलमध्ये बसा, पण या वेळी रुळांकडे बघू नका, हातातल्या मोबाईलच्या घड्याळाकडे बघा. त्यावर फक्त तास आणि मिनिटं दिसतात, सेकंद दिसत नाहीत. गाडी जिथे जिथे पोचते तिथे मोबाईल काय दाखवतो ते लिहून ठेवा. हे झालं तुमचं स(क्ष).

आता तीन गोष्टी आपोआप घडतात.

मोबाईलने दाखवलेली वेळ आणि खरी वेळ यांत फरक नेहमी एका मिनिटापेक्षा कमी असतो. गाडी वेगात असो, रेंगाळत असो, सिग्नलला अडकलेली असो, काही फरक पडत नाही. चुकीवरची मर्यादा घड्याळानेच घातली आहे, रुळांचा तिच्याशी संबंध नाही.

दुसरं, मोबाईलवर ८:१४ असताना गाडीने गाठलेल्या सगळ्या जागा म्हणजे रुळांचा एक सलग तुकडा आहे. त्यात मध्ये भोक नाही, कारण गाडी मागे जात नाही. ८:१४ ला ती एका जागी पोचली आणि ८:१४ लाच पुढच्या दुसऱ्या जागी पोचली, तर मधल्या प्रत्येक जागी ती ८:१४ लाच पोचलेली असणार. सिद्धतेत एकदिशीपणाचं मुख्य काम ते हेच.

तिसरं, तुकडे मोजके आहेत. प्रवास तासाभराचा असेल तर फार तर साठ-एकसष्ट आकडे दिसतील.

आणि सिग्नलला काय होतं? ८:३१ ला गाडी थांबली आणि ८:३४ ला हलली. ८:३२ आणि ८:३३ या दोन मिनिटांत गाडी कुठल्याच नव्या जागी पोचली नाही. म्हणजे त्या दोन आकड्यांच्या वाट्याला रुळांचा एकही तुकडा येत नाही. ते गट रिकामे. रिकाम्या गटाने आपलं काय बिघडतं? काहीच नाही. उलट पायऱ्या कमी लागल्या. आडवं कापताना ज्या उडीने छळलं होतं, तीच उडी उभं कापताना दोन पायऱ्या वाचवून देते.

हे चित्र एकदा डोक्यात बसलं की सिद्धता म्हणजे नुसतं लेखनिकाचं काम आहे.

पाचवी पायरी: सिद्धता लिहून काढा

फ हे अ ते ब या बंद अंतरालावर वाढतं फलन आहे. एप्सिलॉन ही दिलेली धन संख्या.

फ(अ) = फ(ब) असेल तर फ सगळीकडे एकाच किमतीचं आहे, म्हणजे ते स्वतःच पायरी-फलन. ही शक्यता एका वाक्यात लिहून बाजूला ठेवा.

नसेल तर असा मोठा पूर्णांक न निवडा की (फ(ब) − फ(अ))/न हा भागाकार एप्सिलॉनपेक्षा लहान असेल. या भागाकाराला प म्हणू, प म्हणजे पट्टीची जाडी. उभ्या अक्षावर फ(अ) पासून प-प अंतरावर रेघा मारा: क-व्या रेघेची उंची य(क) = फ(अ) + क × प, जिथे क = ०, १, २, …, न. पहिली रेघ फ(अ) च्या उंचीवर आहे आणि शेवटची बरोबर फ(ब) च्या.

आता आडव्या अक्षावरच्या बिंदूंचे गट पाडा. गट ग(क) मध्ये ते सगळे क्ष घ्या ज्यांच्यासाठी य(क−१) ≤ फ(क्ष) < य(क). शेवटच्या गटात मात्र दुसरं चिन्हही ≤ ठेवा, नाहीतर ब हा बिंदू कुठल्याच गटात येणार नाही. ही बारीकशी गोष्ट विसरली की परीक्षक तिथेच लाल खूण करतात.

फलन वाढतं असल्याने प्रत्येक फ(क्ष) हा फ(अ) आणि फ(ब) यांच्या मध्ये आहे, म्हणून प्रत्येक क्ष एका आणि एकाच गटात येतो.

गट सलग आहे का? ग(क) मधले दोन बिंदू घ्या, क्ष१ < क्ष२, आणि त्यांच्या मधला कुठलाही बिंदू झ घ्या. फ(क्ष१) ≤ फ(झ) ≤ फ(क्ष२). दोन्ही टोकं एकाच पट्टीत आहेत, म्हणून फ(झ) सुद्धा त्याच पट्टीत. म्हणजे झ त्याच गटात. ज्या संचात कुठल्याही दोन बिंदूंच्या मधले सगळे बिंदू असतात तो संच अंतराल असतो, किंवा एकच बिंदू, किंवा रिकामा. टोकं उघडी की बंद, हे फलनावर अवलंबून आहे आणि आपल्याला त्याची चौकशी करायची गरज नाही.

स ची व्याख्या: क्ष हा ग(क) मध्ये असेल तर स(क्ष) = य(क−१), म्हणजे पट्टीचा तळ. गट फार तर न आहेत आणि प्रत्येक गट अंतराल आहे, म्हणून स हे पायरी-फलन. आणि प्रत्येक क्ष साठी ० ≤ फ(क्ष) − स(क्ष) ≤ प < एप्सिलॉन. संपलं.

तळाऐवजी पट्टीच्या मधली उंची घेतली तर चूक निम्मी होते. तळ घेतला तर स नेहमी फ च्या खाली राहतं, आणि पट्ट्या दर वेळी निम्म्या करत गेलात तर पायऱ्या खालून चढत-चढत फ कडे जातात, कधी खाली न उतरता. शिवाय स स्वतःही वाढतंच राहतं. कुठली निवड करायची हे कामावर ठरवा.

सहावी पायरी: एकदा आकडे घालून करा

हे टाळू नका. फ(क्ष) = √क्ष, अंतराल ० ते १, चार पट्ट्या. रेघा ०, १/४, १/२, ३/४, १ या उंचीवर. √क्ष या उंचीला कुठे पोचतो? वर्ग करा: ०, १/१६, १/४, ९/१६, १. हे तुमचे सांधे. पट्टीची मधली उंची घेतली तर पायऱ्या १/८, ३/८, ५/८, ७/८ च्या, आणि चूक कुठेच १/८ पेक्षा जास्त नाही.

तुकड्यांच्या रुंदीकडे बघा: १/१६, ३/१६, ५/१६, ७/१६. शून्याजवळ आलेख खडा चढतो, तिथे पायऱ्या अरुंद. पुढे चढ ओसरतो, तिथे रुंद. हे आपण ठरवलं नाही, उंची कापल्यामुळे आपसूक झालं.

हीच १/८ ची चूक समान भाग करून मिळवायची तर? पहिल्या भागात फलन ० पासून १/√न पर्यंत चढतं, म्हणजे मधली किंमत घेऊनही चूक १/(२√न). ती १/८ वर आणायला न = १६ लागतो. चारच्या जागी सोळा. चूक १/१०० हवी असेल तर उंची कापून ५० पायऱ्या पुरतात, लांबी कापून २५०० लागतात. √क्ष तर पूर्णपणे संतत आहे, एकही उडी नाही, तरी हा फरक.

उडीचा सराव म्हणून दुसरं फलन: ० ते २ या अंतरालावर, क्ष < १ असताना फ(क्ष) = क्ष, आणि १ पासून पुढे फ(क्ष) = क्ष + १. अर्ध्या-अर्ध्याच्या सहा पट्ट्या पाडा. तुम्हाला १ ते १.५ आणि १.५ ते २ या दोन पट्ट्या रिकाम्या मिळायला हव्यात आणि पायऱ्या चारच उरायला हव्यात. नाही मिळाल्या तर बहुधा क्ष = १ हा बिंदू चुकीच्या बाजूला धरला आहे.

इथे पाय घसरतो

सर्वांत मोठी चूक मी स्वतः एम.एस्सी.च्या परीक्षेत केली आहे. मी लिहिलं होतं, 'फ(क्ष) = य(क) होईल असा क्ष घ्या आणि तिथे सांधा ठेवा.' निम्मे गुण गेले, आणि ते जायलाच हवे होते. असा क्ष असतोच असं नाही. दोन किमतींमधली प्रत्येक किंमत फलन कुठेतरी घेतं असं सांगणाऱ्या मध्यमूल्य प्रमेयाला (इंटरमीडिएट व्हॅल्यू थिअरम) सातत्य लागतं, आणि आपल्याकडे ते नाही. वरच्या सरावातल्या फलनाला १.५ ही किंमत कुठेच मिळत नाही. म्हणून सांधे शोधायला जाऊ नका. गट पाडा आणि ते सलग आहेत एवढं दाखवा, सांधे त्यांच्यासोबत येतातच.

दुसरी चूक: 'प्रत्येक गट अंतराल आहे' हे कारण न देता लिहून टाकणं. सिद्धतेचा जीव त्या दोन ओळींत आहे. त्या गाळल्या तर तुम्ही एकदिशीपणा वापरलाच नाही, आणि मग तीच सिद्धता कुठल्याही मर्यादित फलनाला लागू झाली असती. ती लागू होत नाही, हे तपासायला परिमेय संख्यांवर १ आणि अपरिमेयांवर ० हे फलन घ्या. उंची कापली की दोन गट पडतात, पण एक गट म्हणजे सगळ्या परिमेय संख्या. त्या रेघभर विखुरलेल्या आहेत, सलग तुकडा नाहीत. आणि खरंच या फलनाला कुठलंही पायरी-फलन १/२ पेक्षा जवळ जाऊ शकत नाही, कारण कितीही छोट्या तुकड्यात दोन्ही किमती सापडतात.

असे विखुरलेले गटही चालवून घ्यायचे, फक्त त्यांची 'लांबी' मोजण्याची रीत नव्याने तयार करायची, ही दिशा फ्रेंच गणिती आंरी लेबेगने १९०२ च्या सुमारास पकडली. दादरच्या मंडईतला भाजीवाला रात्री गल्ला मोजतो तेव्हा नोटा ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने मोजत नाही. दहाच्या एकीकडे, पन्नासच्या एकीकडे अशा चवडी लावतो आणि मग मोजतो. उभा अक्ष कापणं म्हणजे चवडी लावणं. पुढे मेझर थिअरीचा पेपर घेणार असाल तर ही पाचवी पायरी म्हणजे त्याचीच तालीम आहे.

तिसरं, अंतरालाची टोकं. बंद अंतरालावर फ(अ) आणि फ(ब) या दोन संख्याच फलनाला आवर घालतात. टोक उघडं असेल आणि फलन तिथे अनंताकडे जात असेल, जसं ० च्या उजवीकडचं −१/क्ष, तर मोजक्या पायऱ्या पुरणार नाहीत. मोजक्या पायऱ्यांच्या फलनाची किंमत मर्यादित असते, ती बेभान उतरणाऱ्या आलेखाला कशी गाठणार? याउलट फलन मर्यादित असेल तर अंतराल सबंध संख्यारेषा असली तरी हीच सिद्धता चालते, कारण आपण लांबी कापतच नाही. फक्त फ(अ) आणि फ(ब) च्या जागी फलनाच्या किमतींच्या खालची आणि वरची मर्यादा घ्या.

हातात काय आलं

एप्सिलॉन अनुक्रमे १, १/२, १/४, १/८ असा घेत गेलात तर पायरी-फलनांची एक मालिका मिळते आणि ती फ कडे एकसमान, म्हणजे तिसऱ्या पायरीतल्या दुसऱ्या अर्थाने, जाते. प्रत्येक पायरी-फलन मोजक्याच बिंदूंवर तुटलेलं असतं. ज्या बिंदूवर मालिकेतलं एकही फलन तुटलेलं नाही, तिथे एकसमान सीमाही संतत असते. म्हणून फ तुटलं तर या मोजक्या-मोजक्या बिंदूंच्या एकत्रित यादीतच तुटणार, आणि ती यादी गणनीय आहे, म्हणजे तिला १, २, ३ असे क्रमांक देता येतात. एकदिशी फलनाचे तुटण्याचे बिंदू फार तर गणनीय असतात, हे पाठ्यपुस्तकात वेगळ्या प्रकरणात येणारं प्रमेय इथे तीन ओळींत मिळालं. तसंच दोन वाढत्या फलनांची वजाबाकी घेतली तर तिलाही पायऱ्यांनी गाठता येतं. १८८१ मध्ये फ्रेंच गणिती जॉर्दनने ओळखलेली मर्यादित चढउताराची फलनं म्हणजे नेमक्या याच वजाबाक्या.

शेवटी दुसरा कागद घ्या. ० ते १ मधल्या सगळ्या परिमेय संख्या एका रांगेत लावा: १/२, १/३, २/३, १/४, ३/४, १/५, २/५, … रांगेतल्या पहिल्या संख्येवर १/२ ची उडी, दुसरीवर १/४ ची, तिसरीवर १/८ ची, अशा निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या उड्या ठेवा. फ(क्ष) म्हणजे क्ष पर्यंतच्या, क्ष धरून, सगळ्या उड्यांची बेरीज. हे फलन प्रत्येक परिमेय बिंदूवर तुटलेलं आहे. कितीही लहान तुकडा घ्या, त्यात असंख्य उड्या. कागदावर ते काढायचं कसं, असं कुणीही विचारेल.

चूक १/१०० पेक्षा कमी हवी आहे असं धरा. आठव्या संख्येपासून पुढच्या सगळ्या उड्या मिळून १/१२८ च होतात. त्या सोडून द्या. उरलेल्या सात उड्या डावीकडून उजवीकडे लावल्या तर सांधे येतात १/५, १/४, १/३, २/५, १/२, २/३, ३/४, आणि त्या-त्या सांध्यानंतरच्या पायऱ्यांच्या उंच्या एकशेअठ्ठाविसाव्या भागांत मोजल्या तर २, १०, ४२, ४३, १०७, १२३, १२७. १/५ च्या आधी उंची शून्य. पट्टी घेऊन या आठ आडव्या रेघा ओढा. खरा आलेख या रेघांच्या वर, १/१२८ च्या आत, सगळीकडे.